जड सामान असेल त्या बाईबरोबर

सोमवारी सकाळी जिन्यावरून उतरताना ती काय बोलते, त्यावरून तिने शनिवार-रविवार कुठे काढला ते आमच्या घरात कळायचं. "मावशी, लय भूक लागली," म्हणाली की ती निफाड-लासलगावकडे जाऊन आलेली असायची. "मावशी, काय करी राहिनी?" असं कानावर आलं की सटाणा, नाहीतर कळवण. आणि वाक्याच्या शेवटी आम्हा कोणालाच न कळणारं काहीतरी लोंबत असलं की समजायचं, बाईसाहेब पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात होत्या. आईला याचा भारी राग यायचा. तिने पहिल्या वर्षी तिला स्वयंपाकघरात पाटावर बसवून 'आहे', 'नाही', 'मला', 'तुला' सगळं शिकवलं होतं. "मी आठवडाभर घासूनपुसून शिकवायचं आणि हिने दोन दिवसांत सगळं एसटीत सांडून यायचं," आई म्हणायची.

ती केनियाची होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात शिकायला आलेली परदेशी मुलं तेव्हा अगदी मोजकी, आणि त्यांतली ही एक फार्मसीला होती, आमच्या हिरावाडीतल्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. उंच, रुंद खांद्यांची, केस अगदी बारीक कापलेले. ती चालायला लागली की तिच्याबरोबर राहायला मला अर्धवट पळावं लागायचं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, तिच्याहून थोडी लहान. माझा मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे त्र्यंबक, तोही मैत्रिणींच्या घोळक्यात. पुढे एम.एस्सी.ला दिल्लीला जायचं माझ्या मनात होतं, पण घरात हे अजून कोणाला सांगायची छाती नव्हती. आणि इथे ही मुलगी समुद्र ओलांडून आली होती, वर दर शनिवारी पुन्हा कुठेतरी निघून जात होती. मी तिच्याकडे आ वासून बघायचे, दुसरा शब्दच नाही.

तिच्या कॉलेजातली बाकीची परदेशी मुलं सुट्टी मिळाली की मुंबईला जायची, गोव्याला जायची, एकदा ताजमहाल बघून आली. ही मात्र शनिवारी कॉलेज सुटलं की नदी ओलांडून चालत सीबीएसच्या स्टँडवर.

"कुठे चाललीस?" मी विचारायचे.

"माहीत नाही."

हे उडवून लावणं नव्हतं, तिला खरंच माहीत नसायचं. स्टँडवर गेल्यावर ती गाड्यांच्या पाट्यांकडे बघायचीच नाही. बायकांकडे बघायची. ज्या बाईजवळ सगळ्यांत जड सामान असेल तिच्याजवळ जायची, सामान उचलायची, बाई ज्या गाडीत चढेल त्या गाडीत चढायची, उतरेल तिथे उतरायची आणि सामान तिच्या दाराशी नेऊन ठेवायची. तिथून पुढचं त्या बाईच्या मनावर. पाणी दिलं तर पाणी प्यायचं, चहा दिला तर चहा. राहा म्हणाली तर राहायचं आणि रविवारी मिळेल त्या गाडीने परत यायचं.

"आणि राहा म्हणालीच नाही तर?"

"तर परत स्टँडवर. तिथे दुसरी बाई असतेच."

त्यांच्याकडे, चहाच्या मळ्यांच्या डोंगरात, अशीच रीत होती म्हणे. खालच्या बाजारातून बायका पाठीवर ओझी घेऊन चढ चढतात. एखादी तरुण मुलगी मोकळ्या हातांनी त्यांना ओलांडून पुढे गेली, तर मागून लगेच विचारतात, ही कोणाची पोर? आणि मग त्या पोरीची नाही, तिच्या आईबापाची शोभा होते. म्हणून दिसलं ओझं की घ्यायचं आणि दारापर्यंत पोचवायचं. नाशकात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने स्टँड बघितला आणि तिला वाटलं, आपल्या गावच्या सगळ्या बायका इथेच येऊन उभ्या आहेत. मग ती काय करणार? एवढी साधी गोष्ट मला इतकी का विचारतेस, असा तिचा चेहरा असायचा.

स्वतःचं सामान ती नेत नसे. खिशात दात घासायचा ब्रश आणि कमरेला एक रंगीत सुती कापड, त्याला ती लेसो म्हणायची. तेच पांघरूण, तोच टॉवेल, आणि डोक्यावर ओझं घ्यायचं झालं की तीच चुंबळ. पॅन्ट घातलेली, फार्मसी शिकणारी मुलगी भर स्टँडवर झोकात चुंबळ करून डोक्यावर बोचकं ठेवते आहे हे बघून बायका हसत सुटायच्या, आणि हसता हसता तिच्या होऊन जायच्या. मी एकदा म्हटलं, "निदान एक पिशवी तरी ने कपड्यांची." तर म्हणाली, "मग त्यांची पिशवी कुठल्या हाताने घेऊ?"

तिला सोडायला म्हणून मी एकदा स्टँडवर गेले होते. त्या दिवशी येवल्याची एक बाई भांडी बाजारातून तांब्याचा नवाकोरा बंब घेऊन निघाली होती. बंब खाली ठेवून ती पदराने घाम पुसत होती, तेवढ्यात आमच्या या मुलीने तो उचलला, डोक्यावर ठेवला आणि येवल्याच्या गाडीकडे चालू पडली. एरवी ती आधी तोंडभर हसून 'मावशी' वगैरे म्हणायची. त्या दिवशी गाडी सुटायला आली होती म्हणून राहिलं असेल.

"आगं बया! माझा बंब! धरा तिला, चोर, चोर!"

सगळा स्टँड गोळा झाला. दोन कंडक्टर धावले, एका भेळवाल्याने तिचा दंड पकडला. ती जागेवर उभी राहिली, बंब डोक्यावर तसाच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. कंट्रोलर साहेब चौकशीच्या खिडकीमागून बाहेर आले.

"हा बंब तुझा आहे?"

"नाही."

"मग उचललास कशाला?"

"जड आहे."

"जड आहे म्हणून उचललास?"

"हो. हलका असता तर मावशींनीच उचलला असता."

येवल्याची बाई तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली आणि मग म्हणाली, "आगं, मंग आधी बोलायचं नाय का! माझं काळीज कुठं गेलं व्हतं." तिने स्वतः त्या भेळवाल्याचा हात बाजूला केला. दोघी गाडीत चढल्या, बंब मांडीवर घेऊन बसल्या, आणि गाडी निघून गेली. मी फलाटावर उभी राहिले. माझ्याजवळ ना सामान होतं, ना मला कुठे जायचं होतं. मला तिचा इतका हेवा कधी वाटला नव्हता. परत आल्यावर तिने सांगितलं, त्या बाईच्या घरात पैठणीचा माग होता, त्याच्याच शेजारी ती झोपली, आणि रविवारी सकाळी नव्या बंबातलं पहिलं कढत पाणी घरच्या कोणाला न देता तिला दिलं.

मग आमच्या दारात माणसं यायला लागली. येवल्याची बाई तर आलीच, नवऱ्यालाही घेऊन आली. लासलगावच्या बाजूचा एक म्हातारा ट्रॅक्टर दारासमोर उभा करून, "ती लांबची पोरगी हितंच ऱ्हाती का?" असं विचारत आला आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत कांद्याची गोणी ओसरीवर टाकून गेला. कळवणकडची एक बाई सिव्हिलमध्ये मुलाला दाखवायला आली ती दोन दिवस आमच्याकडेच राहिली. आईची चांगलीच धावपळ व्हायची. "पोरगी परदेशातली आणि पाहुणे जिल्ह्यातले," आई म्हणायची, पण चहाचं आधण मोठंच ठेवायची.

आईला बोलायला जागाच नव्हती. आईसुद्धा त्या मुलीला तशीच सापडलेली. पंचवटीच्या भाजीबाजारातून दोन पिशव्या घेऊन येत असताना मागून एक लांब हात आला आणि पिशव्या गेल्या. आई म्हणते, मी घाबरले, मग बघितलं तर पोर हसत होती. दारापर्यंत आली, आईने पाणी दिलं, बोलता बोलता खोलीचा विषय निघाला. समोरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी येऊन आईला ऐकवलं, "कुठली कोण, तरणी मुलगी घरात असताना असलं माणूस ठेवतं का कोणी?" आई म्हणाली, "समोरासमोर राहतोय आपण इतकी वर्षं. माझी पिशवी धरलीत का एकदा तरी?" काकू महिनाभर बोलल्या नाहीत.

राहिले वडील. ते ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. सकाळी आडगाव नाक्यावर कारखान्याची बस, संध्याकाळी त्याच बसने परत. विमानं करण्यात जन्म गेला, पण विमानात काय, लांबच्या गाडीतसुद्धा ते बसायला राजी नसत. माणूस सरळ, अबोल. नाही म्हणायचं झालं तरी नाही म्हणत नसत, 'बघू' म्हणत. आणि कुठे जायचं निघालं की त्यांचा एकच प्रश्न असे, "तिथे आपलं कोण आहे?" औरंगाबादला लग्नाला जायचं तरी हाच प्रश्न. त्या वरच्या मुलीशी ते फारसं बोलत नसत, पण ती रविवारी परत येईपर्यंत ओसरीवर पेपर उलटासुलटा करत बसत. काळजी करतोय असं कोणी म्हटलेलं त्यांना चालत नसे.

माझा निकाल लागला, दिल्लीला प्रवेशही मिळाला. रात्री जेवताना सांगितलं एकदाचं. वडिलांनी जेवण पूर्ण केलं, हात धुतले आणि म्हणाले, "बघू."

मला रडूच फुटलं. आईने माझी बाजू घेतली. तेव्हा ते म्हणाले, "अगं, मार्कांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दिल्लीत आपलं कोण आहे? आजारी पडली, काही झालं, तर कोणाच्या दारात जाईल ही? लोक कसे असतात काय माहीत." पुढचे सगळे दिवस घरात तेच. मी विषय काढायचा, त्यांनी पेपर काढायचा. प्रवेश घ्यायची मुदत जवळ येत होती. मी वरच्या खोलीत जाऊन तिच्यापाशी रडायचे. तू तरी सांग ना त्यांना, तुझं ऐकतील, असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल. ती म्हणायची, "मी काय सांगणार? मला बोलता कुठे येतं चांगलं."

एका शुक्रवारी ती जेवायला खाली आली होती. मध्येच वडिलांना म्हणाली, "काका, उद्या माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"माहीत नाही."

"मग यायचं कशाला?"

"लोक कसे असतात, तुम्हाला माहीत नाही ना. बघून येऊ."

आम्ही घास हातात धरून बसलो. वडिलांशी असं कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ते नक्की 'बघू' म्हणणार, असं मला वाटलं. पण आईने तोंडावर पदर धरून हसणं लपवलं, ते त्यांना दिसलं, आणि ते पेटले. "येतो," म्हणाले. "उद्या सुट्टी टाकतो. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत चादर, टॉर्च, डबा, पाण्याची बाटली, डोकेदुखीच्या गोळ्या आणि छत्री होती. ती म्हणाली, "काका, हात मोकळे पाहिजेत." त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. ती पुढे, लेसो कमरेला बांधून, आणि हे मागे, पिशवी सावरत. कोपऱ्यावरून दोघं दिसेनाशी झाल्यावर आई म्हणाली, "देवा, सुखरूप आण रे," आणि हे ती त्या मुलीसाठी म्हणत नव्हती, ते मला नेमकं कळलं.

तो शनिवार मला जाता जाईना. रविवारी दिवेलागणीला दोघं परत आली. वडिलांच्या शर्टाचा एक खांदा दगडाच्या भुकटीने पांढरा झाला होता. पिशवी नव्हती.

"टॉर्च कुठंय? चादर?" आईने विचारलं.

"राहिली तिथे. म्हातारीच्या घरात दिवा नव्हता धड," एवढंच बोलून ते पाय धुवायला गेले.

जेवताना हळूहळू बाहेर आलं, थोडं त्यांच्याकडून, जास्त तिच्याकडून. स्टँडवर सुरगाण्याच्या बाजूची एक म्हातारी पाथरवटाकडून पाटा-वरवंटा विकत घेऊन गाडीची वाट बघत होती. नातीचं लग्न होतं, तिला द्यायचा होता. वरवंटा हिने घेतला आणि पाट्याकडे बोट दाखवून वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "अगं, हा जड आहे!" हिने 'हो' म्हटलं. झालं, हो-नाही म्हणेपर्यंत पाटा त्यांच्या खांद्यावर. गाडीत दगडाचं तिकीट काढायचं की नाही यावर कंडक्टरशी वाद. उतरल्यावर डांबरी रस्ता संपला आणि डोंगराची पायवाट सुरू झाली. वडील दर थोड्या वेळाने पाटा खाली ठेवत आणि म्हातारी दर वेळी म्हणे, 'ठेव दादा, माझी पोरं येतील उद्या, नेतील.' आणि तेवढ्याने ते पुन्हा उचलत. आमचे वडील, जे भाजीची पिशवी न्यायलाही रिक्षा बघत!

"पाड्यावर सगळी माणसं जमली," वडील सांगू लागले. मान खाली, भाकरी चुरत. "अशी काही पाव्हणी त्यांनी कधी बघितलेली नाही. एकाने विचारलं, ही कोणाची? मी म्हटलं, माझी."

"तुमची?" आई.

"मग काय सांगणार? परक्या घरात मुक्काम करायचा, बरोबर तरणी मुलगी. फार्मसी, केनिया, भाडेकरू, हे सगळं त्यांना केव्हा समजावणार? माझी मुलगी, म्हटलं. संपलं."

"संपलं नाही," ती वरची खुदखुदत म्हणाली. "तो माणूस म्हणाला, मग तुमच्यासारखी दिसत का नाही? काका म्हणाले, आईवर गेलीय."

आई ताठ झाली. "म्हणजे माझ्यावर?"

मी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. आईही हसली, आणि मग वडीलसुद्धा, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. ते विनोद करतात हेच मला त्या दिवशी कळलं.

हसू ओसरलं. मग वडील तिला म्हणाले, "माझी म्हटलं, आणि त्यांनी ते लगेच मानलं. पहिलं पान तुला वाढलं. म्हातारीने अंथरूण घातलं ते स्वतःच्या शेजारी. तेव्हा माझ्या मनात आलं, हिचा बाप तिकडे काय करत असेल या वेळी? त्याला तर यातलं काहीच माहीत नाही." आणि लगेच, "तू घरी फोन कधी करतेस?"

"पुढच्या रविवारी करणार आहे."

"मला सांग. मी येतो."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथवर गेलो. वडिलांनी दाढी केली होती आणि कारखान्यात मोठे साहेब येणार असले की घालायचा तो शर्ट घातला होता. ती काचेच्या आत जाऊन त्यांच्या भाषेत बोलली, हसली, मग दार उघडून तिने रिसीव्हर वडिलांच्या हातात दिला. वडील आत गेले. दार बंद करायचं विसरले, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं.

"सर," ते मोठ्याने म्हणाले, इतक्या लांब ऐकू जायला हवं म्हणून असेल. "सर, युवर डॉटर इज इन माय हाऊस. व्हेरी गुड गर्ल. आय ॲम हिअर. डोन्ट वरी."

पलीकडून कोणीतरी बोलू लागलं. इंग्रजी नव्हतं ते. हिच्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, हे ती सांगायचीच विसरली होती. ती घाईघाईने पुढे झाली, पण वडिलांनी हाताने तिला थांबवलं. तो आवाज बोलत राहिला, संथ, थांबत थांबत, मध्येच घसा खाकरत. आणि आमचे वडील रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, मान हलवत, "हो... हो... हो ना," म्हणत राहिले, चक्क मराठीत. बूथवाला मीटर सोडून त्यांच्याकडे बघत होता. शेवटी ते म्हणाले, "ठेवतो मग," आणि हळूच फोन ठेवला.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "काका, ते काय म्हणाले, मी विचारून सांगते तुम्हाला."

"नको," ते म्हणाले. "मला कळलं सगळं."

परत येताना ते माझ्याबरोबर चालत होते. मग त्यांनी विचारलं, "दिल्लीला तुझ्या त्या हॉस्टेलच्या जवळपास फोन असेल ना?"

"असेल. का?"

"तिथे जो कोणी तुला माझी म्हणेल, त्याच्याशी मला एकदा बोलायचंय."

मी मुद्दामच विचारलं, कारण ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला खरं वाटणार नव्हतं. "पण बाबा, तिथे आपलं कोण आहे?"

"असेल कोणीतरी," वडील म्हणाले. "तू गेल्याशिवाय कसं कळणार?"